एका गुंड्याचा हिशेब

विरारहून सकाळी सुटणाऱ्या लोकलच्या महिला डब्यात काय काय चालते, हे आमच्या घरातील भगिनी आम्हाला अनेकदा सांगतात. कोणी भाजी निवडते, कोणी तसबीह फिरवते, कोणी पोथी वाचते, कोणी उभ्याउभ्याच डुलकी काढते. बसायला जागा मिळाली तर एखादी भगिनी पिशवीतून लोकरीचा गुंडा आणि क्रोशाची सुई काढते व विणायला लागते. चर्चगेट ते बोरिवली अशी केवळ महिलांसाठीची पहिली लोकल ५ मे १९९२ रोजी सुरू झाली आणि १९९३ साली ती विरारपर्यंत आली. या गाड्यांमधून वर्षानुवर्षे किती स्वेटर, किती टोपडी, किती मफलर विणून झाले असतील, याची गणती कोणी केलेली नाही.

पण गणती करण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. त्या मफलरची किंमत काय? आणि ती ठरवायची कोणी? विणणाऱ्या भगिनीने, विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकाने, की दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या व्यापाऱ्याने? विषय दिसायला लहान आहे. एक गुंडा लोकर, एक सुई आणि एक साधा स्कार्फ. परंतु वसई-विरार पट्ट्यातील हजारो घरांत दुपारच्या वेळी जे काम चालते, मणी ओवण्याचे, कपड्यांचे धागे कापण्याचे, बटणे लावण्याचे, त्या सर्व कामांचा हिशेब या एका गुंड्यातून उलगडतो. म्हणून आज आम्ही हाच विषय घेतला आहे.

आम्ही घड्याळ लावून पाहिले

नालासोपारा पूर्वेला आमच्या परिचयातील एक भगिनी राहतात. पती रिक्षा चालवतात, तीन मुले शाळेत जातात. त्या एका व्यापाऱ्यासाठी क्रोशाचे स्कार्फ विणून देतात. लोकर व्यापाऱ्याची, मेहनत यांची. एका स्कार्फमागे ६० रुपये. एकदा एका स्कार्फची कड वाकडी निघाली, तर त्याचे पैसे कापले गेले. आम्ही त्यांना विचारले, "आपा, एका स्कार्फला वेळ किती लागतो?" त्या म्हणाल्या, "वेळ कोण मोजतो भाईजान? घरातलं आवरलं की बसते. नाहीतरी रिकामीच असते ना!"

त्यांच्या घरात दुधाच्या हिशेबाची वही होती, किराण्याची वही होती, मुलांच्या ट्यूशनच्या फीची नोंद होती. वेळेची वही मात्र नव्हती. आम्ही त्यांना विनंती केली की एक स्कार्फ आमच्यासमोर घड्याळ लावून विणा. त्या हसल्या, पण तयार झाल्या.

१०० ग्रॅमचा एक गुंडा. ५ मिलिमीटरची सुई. रुंदीला २२ खांब, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर. लांबीला १०४ ओळी, म्हणजे सुमारे १३० सेंटिमीटर. ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन जो उंच टाका काढतात त्याला आपल्याकडे खांब म्हणतात. २२ गुणिले १०४, म्हणजे २,२८८ खांब झाले. मिनिटाला १० खांब या बेताने पावणेचार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. मध्ये कुकरची शिट्टी झाली, दारावर कोणी आले, धाकटा शाळेतून परतला. तो सर्व वेळ आम्ही वगळला. सुरुवातीची साखळी घालणे, शेवटी दोऱ्याची टोके आत ओवणे, स्कार्फ धुऊन ताणून वाळत घालणे, घडी करून पिशवीत भरणे, याला आणखी ४० मिनिटे गेली. एकूण साडेचार तास धरा.

आता भागाकार करा. ६० रुपये भागिले साडेचार. तासाला १३ रुपये ३३ पैसे. आठ तास मान वर न करता विणले तरी दिवसाचे १०७ रुपये सुद्धा होत नाहीत. २०२४-२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर मजुरीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुराची ती मजुरी. ती काही फार आहे असे कोणीही म्हणणार नाही. पण विणणाऱ्या कुशल हातांना तिच्या निम्मेही मिळत नाही. आपा कागदावरचा आकडा बघत बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं."

वाचकहो, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, यातच सगळी मेख आहे.

यंत्राला न जमलेले काम

कोणी म्हणेल, यंत्राच्या युगात हाताने विणलेल्या वस्तूला भाव कुठून मिळणार? विणकामाची बाकी अंगे पाहिली तर हे म्हणणे खरे आहे. दोन सुयांवरच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडात विल्यम ली याने १५८९ साली केले. आज स्वेटर, मोजे, बनियन सगळे यंत्रावर निघते. परंतु क्रोशाची गोष्ट वेगळी आहे. दोन सुयांच्या विणकामात सगळे फासे ओळीने सुईवर चढलेले असतात, म्हणून यंत्राला ते धरता येतात. क्रोशात बहुधा एकच फासा उघडा असतो. सुई विणलेल्या कापडात हवी तिथे शिरते, दोरा ओढून आणते आणि नवा फासा तयार होतो. हे काम हात आणि डोळे मिळून करतात. कारखान्यात बसवून माल काढता येईल असे खऱ्या क्रोशाचे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. दुकानात क्रोशासारखे दिसणारे जे जाळीदार कापड थानातून फाडून देतात, ते वेगळ्या यंत्रावरचे विणकाम असते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. जगात कुठेही, लंडनच्या दुकानात असो की वसई रोड स्टेशनबाहेरच्या हातगाडीवर, खरा क्रोशाचा तुकडा दिसला तर तो कोणा ना कोणा माणसाने, बहुतेक करून एखाद्या बाईने, टाका टाका मोजून हाताने केलेला आहे. तो जर १०० रुपयांना मिळत असेल तर स्वस्ताई यंत्राने आणलेली नाही. ती कोणाच्या तरी मजुरीतून कापलेली आहे. हे एकदा समजले की भाव करताना आपली जीभ थोडी अडखळली पाहिजे.

नरसापूरचा धडा

आमचे म्हणणे काही नवे नाही. आपल्याच देशात या धंद्याचा मोठा दाखला आहे. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर नावाचे गाव आहे. तिथे १९ व्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी स्त्रियांना लेस विणायला शिकवले. त्याच सुमारास, १८४५ नंतरच्या दुष्काळात, आयर्लंडमध्येही उपासमारीवर उपाय म्हणून मठांतून गरीब मुलींना क्रोशाकाम शिकवले गेले होते. नरसापूरच्या परिसरात ते काम घराघरांत पसरले. सुती दोऱ्याच्या लेसा, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे परदेशी जाऊ लागले.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या गावांत राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांना काय दिसले? निर्यातीचा व्यापार पुरुषांच्या हाती होता आणि पैसाही तिथेच साठत होता. विणणाऱ्या स्त्रियांना मात्र कामगार असे कोणी म्हणतच नव्हते. त्या गृहिणी, फावल्या वेळात विणणाऱ्या. कामगारच नाहीत, मग मजुरीचा प्रश्न कुठला? ज्या व्यापाराचा माल साता समुद्रापार जात होता, त्या व्यापाराचे सारे श्रम रिकामा वेळ या नावाखाली खपत होते.

२०२४ साली नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. आनंदाची गोष्ट आहे. आता त्या नावाचा माल दुसऱ्या कोणाला खपवता येणार नाही. परंतु मानांकन मालाच्या नावाचे रक्षण करते, विणणारीच्या तासाचा दर ते ठरवत नाही. तो दर विणणारीने स्वतः मोजायला शिकल्याशिवाय ठरणार नाही, असे आमचे मत आहे.

आता आपांचे शब्द पुन्हा आठवा. "नाहीतरी रिकामीच असते ना!" नरसापूरपासून नालासोपाऱ्यापर्यंत हा एकच शब्द पुरला आहे. ज्या बाईच्या दिवसात पाणी भरणे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूचे औषधपाणी हे सारे आहे, ती रिकामी कशी? तिने दुपारच्या झोपेतून काढलेला तास हा तिच्या दिवसातला सर्वात महाग तास आहे. आम्ही मात्र तोच सर्वात स्वस्त धरत आलो आहोत.

सुरुवात एका गुंड्यानेच का?

ज्या भगिनींना हे काम शिकून चार पैसे मिळवायचे आहेत, त्यांना आमचा सल्ला आहे की पहिली वस्तू एकाच गुंड्यात पूर्ण होणारा साधा स्कार्फ असावी. याची कारणे व्यवहाराची आहेत.

पहिले कारण, भांडवल. एक गुंडा आणि एक सुई. बिघडले तर उसवून पुन्हा विणता येते, दोरा वाया जात नाही. उसवता येणारी चूक हे या धंद्याचे मोठे भाग्य आहे. शिंप्याची कात्री चुकली तर कापड गेले.

दुसरे कारण, रंग. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो, तसा रंगवणीच्या लॉटचाही क्रमांक असतो. रंग एकच पण लॉट वेगळा असे दोन गुंडे जोडले तर उन्हात जोड स्पष्ट दिसतो आणि गिऱ्हाईक माल परत करते. एका गुंड्यात हा धोकाच नाही.

तिसरे आणि सर्वात महत्त्वाचे कारण, हिशेब. एक गुंडा, एक वस्तू, इतके तास. नवशिक्या विणणारीला खर्च आणि वेळ शिकवणारा याहून सोपा धडा नाही. बेडशीट विणायला घेतली तर सहा महिन्यांनी कोणाला आठवणार की किती गुंडे लागले आणि किती दुपारी गेल्या?

कृती थोडक्यात अशी. २४ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घ्या आणि पुढे प्रत्येक साखळीत एक. सोडलेल्या ३ साखळ्या एका खांबाच्या जागी धरल्या म्हणजे २२ होतात. ओळ संपली की विणकाम फिरवा, ३ साखळ्या घाला आणि दुसऱ्या खांबापासून पुढे चला. नवशिक्यांची चूक नेहमी एकाच ठिकाणी होते. ओळीचा शेवटचा खांब मागच्या ओळीच्या ३ साखळ्यांच्या डोक्यावर घ्यायचा असतो, तो राहून जातो. मग दर ओळीला एक खांब कमी होतो आणि स्कार्फ पतंगाच्या शेपटीसारखा निमुळता होत जातो. आपांचे पैसे कापले गेले ते याच चुकीपायी. उपाय एकच, दर ओळीच्या शेवटी २२ मोजा. शंभर वेळा कंटाळा आला तरी मोजा.

अशा एका ओळीला साधारण सव्वादोन मीटर दोरा लागतो. गुंडा संपत आला की उरलेला दोरा मोजा. तीन मीटरपेक्षा कमी असेल तर नवी ओळ सुरू करू नका. शेवटचा फासा ओढून घ्या आणि उरलेले टोक मोठ्या नाक्याच्या सुईने आत ओवा. गाठ मारून कापू नका, धुतल्यावर गाठ सुटते.

माल सांगून विका

बाजारात ज्याला आपण सरसकट लोकर म्हणतो त्यातली बरीचशी मेंढीची नसते, ती ॲक्रिलिक असते. म्हणजे रसायनापासून केलेला धागा. त्यात वाईट काही नाही. तो स्वस्त असतो, धुवायला सोपा असतो आणि टोचत नाही. पण तो शुद्ध लोकर म्हणून विकू नये. धाग्याचा लहान तुकडा जाळून पाहिला की फरक कळतो. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि चुरगळणारी राख होते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. गरम इस्त्री लावली तर ॲक्रिलिकचा स्कार्फ लुळा पडतो, हेही गिऱ्हाईकाला आधीच सांगावे. मालातला दोष आणि मालाची जात सांगून विकणे, ही शिकवण आपल्याला काही नव्याने द्यायला नको. सांगून विकणाऱ्याचे गिऱ्हाईक परत येते, हा बाजाराचाही अनुभव आहे.

योग्य किंमत आणि कटू सत्य

आता विणणारीने स्वतःच्या भांडवलावर स्कार्फ केला असे समजू. गुंडा १०० रुपयांचा धरला. साडेचार तासांची मजुरी निदान रोजगार हमीच्या दराने, तासाला ३७ रुपये, म्हणजे १६७ रुपये. पिशवी, चिठ्ठी, दोऱ्याची नासाडी मिळून १३ रुपये. एकूण २८० रुपये. त्यावर विक्रीचा खर्च, उधारी आणि न खपलेला माल यांसाठी पाचवा हिस्सा चढवला की ३३६ रुपये होतात.

इथे कटू सत्य सांगणे भाग आहे. यंत्रावर विणलेला मफलर स्टेशनबाहेर याच्या निम्म्या किमतीत मिळत असेल, तर वसईत ३३६ रुपये देऊन लोकरीचा स्कार्फ कोण घेणार? आपल्या किनाऱ्यावर थंडी ती किती? डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गाडीला चार दिवस गारठा जाणवतो, एवढेच. उत्तर भारतासारखा लोकरीचा हंगाम इथे नाही. जो कोणी भगिनींना सांगतो की विणा, माल हातोहात खपेल, तो त्यांची दिशाभूल करतो.

मग काय, धंदा सोडून द्यावा? नाही. वस्तू बदलावी, गिऱ्हाईक बदलावे, पण तासाचा दर सोडू नये. आमच्या मते तीन वाटा आहेत.

एक, सुती दोरा. स्कूटरवरून किंवा लोकलच्या दारात उभ्याने प्रवास करणाऱ्या मुली वारा आणि धूळ यांसाठी बाराही महिने स्कार्फ बांधतात. हलका सुती स्कार्फ आपल्या दमट हवेत चालतो. तोच २२ खांबांचा धडा सुती दोऱ्यावरही उपयोगी पडतो.

दोन, टोपी. क्रोशाच्या जाळीदार टोपीला वर्षभर मागणी असते आणि रमजानात ती वाढते. बांगलादेशातील बोगुडा भागातल्या खेड्यांतून महिला अशा टोप्या विणतात आणि त्या आखाती देशांत विकल्या जातात. इथल्या दुकानांतही दूरवरून आलेल्या टोप्या असतात. सोपारा आणि वसईच्या हातांनी विणलेली टोपी इथल्याच दुकानात का नसावी?

तीन, मागणीनुसार काम. नाव विणलेले बाळाचे टोपडे, लग्नाच्या भेटीची वस्तू, ठरवून दिलेल्या रंगाचा स्कार्फ. हे यंत्र करून देत नाही. इथे गिऱ्हाईक हाताचे मोल देते, कारण त्याला हातच हवा असतो. वस्तू व सेवा कराची नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यालाही १ ऑक्टोबर २०२३ पासून, काही अटींवर, आपल्या राज्यापुरता ऑनलाइन बाजारातून माल विकता येतो. घरात कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर हे काम त्यांच्याकडे सोपवावे.

या तिन्ही वाटा बंद असतील, तासाला १३ रुपयेच मिळणार असतील, तर आमचे स्पष्ट मत आहे की त्या भावात विणू नये. स्कार्फ विणावा आणि आपल्या लेकीला द्यावा, शेजारणीला भेट द्यावा. प्रेमाने फुकट दिलेल्या मेहनतीचा मान राहतो, लाजेकाजेने स्वस्तात विकलेल्या मेहनतीचा राहत नाही. यावर कोणी म्हणेल, गरिबाला १३ रुपयेही हवे असतात. हे खरे आहे, आणि ज्या घरात संध्याकाळच्या पिठाचा प्रश्न आहे त्या भगिनीला उपदेश करण्याचा आम्हाला अधिकार नाही. म्हणूनच हा प्रश्न तिच्या एकटीवर सोडून चालणार नाही.

एकटीने नव्हे, दहाजणींनी

१५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत पापडाची संस्था झाली. तिच्या संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. या संस्थेची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. मळलेले पीठ मोजून घरी न्यायचे, लाटलेले पापड मोजून परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. लाटणारी बाई तिथे नोकर नाही, ती भागीदार आहे. नफ्यात तिचा वाटा आहे.

क्रोशाला हीच रीत लागू पडते. गुंडा वजनाने द्यावा, स्कार्फ वजनाने घ्यावा. दोरा गेला कुठे, हा वादच उरत नाही. मोहल्ल्यातल्या दहाजणींनी बचत गट केला, तर लोकर आणि दोरा घाऊक भावात येतो, एकीची कड वाकडी निघाली तर दुसरी सुधारून देते, आणि व्यापाऱ्याशी भाव करायला एकटीला जावे लागत नाही. अशा गटांसाठी महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून राज्यात आहे. तिथपर्यंत जाण्याची वाट आपल्या सुशिक्षित तरुणांनी दाखवावी. निवडणुकीत घरोघर चिठ्ठ्या वाटायला वेळ मिळतो, तर अर्ज भरून द्यायलाही मिळाला पाहिजे.

सरकारलाही दोन शब्द. घरी बसून काम करणाऱ्यांबाबत आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आली, ही चांगली गोष्ट झाली. २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे, ती आपल्या भगिनींनी जरूर करावी. परंतु सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत जे १८ व्यवसाय घेतले, त्यांत शिंपी आहे, मासेमारीचे जाळे विणणारा आहे, क्रोशाकाम करणारी मात्र नाही. अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातला जाळे विणणारा कारागीर ठरला, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याच तालुक्यात सुईने दोऱ्याची जाळी विणणारी बाई कारागीर का नाही, हा प्रश्न आमच्या लोकप्रतिनिधींनी विचारायला हवा.

आमच्या व्यापारी बंधूंना

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंशी थोडे मोकळेपणाने बोलतो. तुमची अडचण आम्हाला कळते. दुकानाचे भाडे, उधारी, मंदी, वरून मागणाऱ्याची घासाघीस. तुम्ही एकट्याने दर वाढवला तर शेजारचा गिऱ्हाईक नेतो. हे सगळे मान्य. तरी तीन गोष्टी तुमच्या हातात आहेत. काम देण्यापूर्वी एक नग घड्याळ लावून विणून घ्या आणि त्या वेळेवर दर ठरवा. दर लिहून द्या, तोंडी ठेवू नका. आणि मजुरी माल घेताना हातावर ठेवा, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. कष्टकऱ्याची मजुरी वेळेवर देण्याची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती फक्त भिंत बांधणाऱ्या गवंड्यासाठी आहे आणि घरात बसून विणणाऱ्या भगिनीसाठी नाही, असे कुठेही म्हटलेले नाही.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपण सर्व जण? पुढच्या वेळी क्रोशाची टोपी किंवा स्कार्फ हातात घ्याल तेव्हा रुंदीचे खांब मोजा, लांबीच्या ओळी मोजा, गुणाकार करा, आणि मग भाव करा. आम्हाला वाटते, बहुतेकांना घासाघीस करावीशी वाटणार नाही.

आपांचे पुढे काय झाले, हे विचाराल. त्यांनी व्यापाऱ्याकडे वेळेचा हिशेब नेला. तो आधी रागावला, मग १५ रुपये वाढवले. म्हणजे ७५ रुपये, तासाला १६ रुपये ६७ पैसे. हे पुरेसे नाही, हे त्यांनाही माहीत आहे. परंतु किराण्याच्या वहीशेजारी आता त्यांच्या घरात आणखी एक वही आहे. तिच्यात तारीख, गुंडा, सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ लिहिलेली असते. शेजारच्या दोघी-तिघी ती वही बघायला येतात. बचत गटाचे बोलणे सुरू झाले आहे. प्रत्येक विणणाऱ्या घरात अशी एक वही असावी, एवढेच आमचे मागणे आहे.